वय आणि कोपर : कोल्हापूरच्या पोरानं अमेरिकेच्या मायनर लीगमध्ये पिचर म्हणून उतरायचं तर

मागच्या महिन्यात करवीर तालुक्यातले एक शेतकरी पोराला मोटरसायकलवर मागं बसवून माझ्या दारात आले. पोरगं १६ वर्षांचं, काटकुळं, पण हात गुडघ्यापर्यंत लांब. शाळेत भालाफेक करतं, गावच्या क्रिकेटमध्ये सीमारेषेवर उभं राहतं आणि तिथनं थेट यष्ट्या उडवतं. वडील म्हणाले, “सर, ह्याचा हात बघा. अमेरिकेत बेसबॉलच्या खालच्या लीगमधनं पोरं वर जातात म्हणं. काय करायचं ते कागदावर लिहून द्या.” दुसऱ्या दिवशी पोराला मैदानावर नेलं आणि २० चेंडू फेकायला लावले. रेडारवर सगळ्यात जोराचा चेंडू ताशी १२४ किलोमीटर भरला. कुणी न शिकवता एवढा वेग म्हणजे हात आहे.

कागदावर लिहायला बसलो आणि एका कागदात मावेना. म्हणून हे सविस्तर लिहितोय. त्या पोरासाठी आणि त्याच्यासारख्या कुणासाठीही.

मी ३१ वर्षं शाळेत क्रीडाशिक्षक होतो. आधी सॉफ्टबॉल शिकवला, मग बेसबॉल. माझा एक विद्यार्थी अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कॉलेजात पिचर म्हणून, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा म्हणून, खेळून आला. मायनर लीगचा करार त्याला मिळाला नाही, कोपर त्याआधीच गेलं. आता तो माझ्यासोबत पोरांना शिकवतो. पुढचं बरंचसं त्याच्याकडनं शिकलेलं आहे, काही माझ्या चुकांमधनं. ह्या सगळ्या धंद्यात तुझं भांडवल दोनच गोष्टींचं, बाळा : वय आणि कोपर. बाकी सगळं शिकता येतं.

शिडी कशी आहे

कोल्हापूरच्या माणसाला मायनर लीग समजावून सांगणं सोपं आहे. गावच्या जत्रेत कुस्तीचं मैदान भरतं तेव्हा आधी चड्डीतल्या पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या लागतात. मग नारळावरच्या, मग रोख इनामाच्या, आणि शेवटी पहिल्या नंबरची. रेवडीवर जिंकलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी खासबागेत उतरत नाही. वस्ताद त्याला तालमीत ठेवतो, खुराक देतो, जोडीला जोड लावत वर नेतो. हरियाणा-पंजाबची पोरं घरदार सोडून आपल्या तालमींत येऊन राहतात, आपली भाकरी खातात, आपली भाषा शिकतात. तू अमेरिकेत गेलास की त्यांच्या जागी तू असशील.

मेजर लीग ही अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग. तिच्यात ३० क्लब आहेत. २०२१ पासून प्रत्येक क्लबच्या हाताखाली पूर्ण हंगाम खेळणारे चार संघ असतात : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. असे १२० संघ मिळून मायनर लीग होते. त्याच्याही खाली क्लबच्या स्वतःच्या सराव संकुलात खेळली जाणारी लीग असते, फ्लोरिडात आणि ॲरिझोनात. परदेशी पोरांसाठी त्याच्याही खाली एक पायरी आहे, डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग. तिथं प्रेक्षक जवळजवळ नसतात, सकाळच्या उन्हात सामने होतात, आणि कठड्यामागं वही-रेडार घेऊन बसलेली माणसं मात्र प्रत्येक चेंडू लिहून ठेवतात. ती रेवडीची कुस्ती.

डबल-ए ही खरी चाळण. खालच्या पायऱ्यांवर नुसत्या वेगावर निभावतं. डबल-एचा बॅटर ताशी १५० किलोमीटरचा सरळ चेंडू दुसऱ्यांदा टाकलास तर उचलून बाहेर देतो. तिथं दुसरं आणि तिसरं अस्त्र, म्हणजे वेगळ्या जातीचा चेंडू, लागतं.

जागेचा हिशोब वडिलांनी नीट वाचावा. २०२४ पासून एका क्लबला अमेरिकेतल्या आपल्या मायनर लीगमध्ये जास्तीत जास्त १६५ खेळाडू ठेवता येतात. आधी हा आकडा १८० होता. दर जुलैला ड्राफ्ट होतो, म्हणजे क्लब आळीपाळीनं नवी पोरं निवडतात, २० फेऱ्यांत. म्हणजे नवी पोरं आत आली की तेवढीच जुनी दारातनं बाहेर. कुणी रडत नाही, कुणी समजूत काढत नाही. लॉकर रिकामा करायला सांगतात.

वय

२००८ साली भारतात वेगानं चेंडू फेकणाऱ्यांची एक मोठी स्पर्धा झाली. अमेरिकन एजंटनं भरवलेली. उत्तर प्रदेशातला डावखुरा रिंकू सिंग ताशी ८७ मैल, म्हणजे १४० किलोमीटर, वेगानं फेकून जिंकला. दिनेश पटेलही त्यातच निवडला गेला. दोघंही भालाफेक करणारे, बेसबॉल हातात धरलेला नव्हता. टॉम हाऊस या नावाजलेल्या पिचिंग प्रशिक्षकानं त्यांना काही महिने शिकवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सनी दोघांशी करार केला. अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळालेले ते पहिले भारतीय. २००९ मध्ये दोघं फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनला सगळ्यात खालच्या लीगमध्ये खेळले. पटेलला २०१० च्या अखेरीस सोडून दिलं. रिंकू टिकला, एकेक पायरी चढत २०१२ पर्यंत वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या सिंगल-ए संघात पोचला. आणि मग कोपर गेलं. शस्त्रक्रिया झाली, पण तो पुढची पायरी चढला नाही. नंतर तो अमेरिकेतच व्यावसायिक कुस्तीत गेला.

रिंकूकडं काय कमी होतं? हात होता, मेहनत होती, डावखुरेपण होतं. करार झाला तेव्हा तो २० वर्षांचा होता आणि खेळाचा पहिला धडा तेव्हा गिरवत होता. आता लिथुआनियाचा डोविदास नेव्हेरॉस्कस बघ. त्याच्याही देशात बेसबॉल कुणी खेळत नाही. त्याच पायरेट्सनी त्याच्याशी २००९ मध्ये करार केला, तेव्हा तो १६ वर्षांचा होता. मायनर लीगमध्ये त्याला आठ वर्षं लागली. २४ एप्रिल २०१७ ला तो मेजर लीगमध्ये उतरला तेव्हा वय होतं २४. आठ वर्षं शिकायला मिळाली, कारण १६ ला सुरुवात केली. हीच आठ वर्षं २० मध्ये मिळवली तर २८ होतात, आणि २८ वर्षांच्या सिंगल-ए पिचरला कुणी ठेवून घेत नाही. वही घेऊन बसलेला माणूस वेगाच्या शेजारी वय लिहितो. सिंगल-एमध्ये १८ चा पोरगा आणि २३ चा पोरगा सारखंच खेळले तर पुढं जातो तो १८ चा.

ह्याला अपवाद आहेत. डॉमिनिकन फ्रॅम्बर वाल्डेझला ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी २०१५ मध्ये वयाच्या २१ व्या वर्षी फक्त १०,००० डॉलरवर घेतलं. त्याच्या देशात २१ म्हणजे म्हातारा समजतात. तीन वर्षांत तो मेजर लीगमध्ये होता. पण तो लहानपणापासून बेसबॉलच खेळत आलेला, आणि त्याचा कर्व्हबॉल, म्हणजे वळणारा चेंडू, असा होता की बॅटरची नजर फसायची. आपल्या पोराकडं ते नाही, म्हणून आपण घाई करायची ती शिकण्याची.

वयावरनंच एक कागदाची गोष्ट. आपल्याकडं जुन्या शाळांत कितीतरी पोरांची जन्मतारीख १ जून लिहिलेली असते, प्रवेशावेळी गुरुजींनी सोयीनं घातलेली. माझ्या विद्यार्थ्याच्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर एक तारीख आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी निघाली. दुरुस्त करायला पाच महिने हेलपाटे घातले. मेजर लीग करार मंजूर करण्याआधी परदेशी पोराचं वय आणि ओळख कसून तपासते, कारण वय चोरण्याचे प्रकार तिथं खूप झालेत. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासपोर्ट, चारही ठिकाणी नाव आणि तारीख अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. हे काम आजच करा, चेंडू हातात घ्यायच्या आधी.

कोपर

हा भाग लिहिताना माझा हात जड होतो.

माझा विद्यार्थी १८ वर्षांचा असताना त्याला मी नऊ दिवसांत तीन स्पर्धांत टाकायला लावलं. संघाला गरज होती आणि त्याला नाही म्हणता येत नव्हतं. किती चेंडू टाकले ते मी मोजलंच नाही. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय असं तो एकदा म्हणाला, मी मलम लावायला सांगितलं. अमेरिकेत दुसऱ्या हंगामात, साध्या सरावात, त्याच जागी अस्थिबंध तुटला. पोरगं २१ वर्षांचं होतं. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसात तुटलेलं नाही. त्या दिवसापासून माझ्या खिशात वही असते. माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराचा प्रत्येक चेंडू तिच्यात आहे.

त्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली. तेव्हापासून तिला त्याचंच नाव पडलं. दुसरीकडचा स्नायुबंध काढून कोपरात बसवतात. परत फेकायला एक ते दीड वर्ष लागतं. क्लबशी करार झालेला असेल तर खर्च क्लब करतो. करार नसताना झालं तर सगळं घरावर येतं.

म्हणून हे आकडे पाठ कर. १७-१८ वयाच्या पिचरसाठी अमेरिकेतल्या बेसबॉलनं घालून दिलेली मर्यादा दिवसाला १०५ चेंडू. ३० पर्यंत टाकलेस तर दुसऱ्या दिवशी टाकता येतं, ३१ ते ४५ ला एक दिवस विश्रांती, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ८० ला तीन, ८१ च्या पुढं चार दिवस. नवशिक्या हाताला मी ह्याच्या निम्म्यावर ठेवतो. विश्रांतीच्या दिवशी गावात क्रिकेटचा सामना लागला तर त्यातली फेकही फेकच. भालाही तसाच. एकाच आठवड्यात भाला आणि पिचिंग दोन्ही करायचं नाही. कुठलं सोडायचं ते तू आणि तुझे आई-वडील बसून ठरवा.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं की त्या क्षणी थांबायचं. खांद्याच्या मागच्या स्नायूत ठणक लागणं वेगळं, ते कामाचं दुखणं आहे, दोन दिवसांत जातं. आतल्या कोपराचं दुखणं ही सूचना असते. त्या पोरानं दिली होती, मी ऐकली नाही.

व्यायामासाठी महागडं काही नको. सायकलची जुनी ट्यूब कापून खिडकीच्या गजाला बांध आणि रोज खांदा आत-बाहेर फिरव, हळूहळू, मोजून. तालमीतल्या वस्तादांकडनं मुद्गल फिरवायला शिक, हलका घे, खांद्याच्या सांध्याला त्याच्यासारखं वंगण नाही. बैठका भरपूर मार. चेंडूचा वेग पायातनं आणि कमरेतनं येतो, हात शेवटी नुसता चाबकासारखा सुटतो. जोर मात्र शेकड्यानं मारायचे नाहीत. पैलवानाचा खांदा आणि पिचरचा खांदा वेगळा, छाती भरली आणि खांदा आवळला की हात मागं जात नाही.

खुराकाबद्दलही आत्ताच सांगतो. थंडाई, बदाम, दूध, अंडी, मटण, हे सगळं खा. कुणा जिमवाल्यानं लेबल नसलेल्या डब्यातली पावडर दिली तर हात लावू नकोस. मायनर लीगमध्ये उत्तेजकांची तपासणी असते, आणि मला माहीत नव्हतं हे उत्तर तिथं चालत नाही.

मैदान

क्रिकेटचा वेगवान गोलंदाज चांगला पिचर होईल असं सगळ्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. गोलंदाजाला धावत यायची आणि कोपर सरळ ठेवायची सवय मुरलेली असते. पिचर जागेवर उभा असतो, एक पाय रबरी पट्टीवर, आणि कोपर वाकवून फेकतो. मी नेहमी क्षेत्ररक्षक शोधतो. लांबनं सपाट आणि नेमकं फेकणारा. भालाफेक करणारा असेल तर उत्तम.

बेसबॉल क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, १४२ ते १४९ ग्रॅम, आणि त्याची शिवण घोड्याच्या नालासारखी वळणावळणानं सगळीकडं फिरते. त्या शिवणीवर बोटं कुठं ठेवायची ह्यावर सगळा खेळ. पहिलं वर्षभर तुला दोनच चेंडू शिकायचे आहेत. एक, आडव्या शिवणीवर दोन बोटं ठेवून टाकायचा सरळ वेगवान. दुसरा, चेंज-अप : चेंडू तळहातात खोल धरायचा, हाताचा वेग तोच ठेवायचा, चेंडू मात्र हळू जातो. वळणारे चेंडू नंतर. अर्ध्या शिकलेल्या हातानं कर्व्ह टाकायला गेलास तर मनगट पिळतोस आणि भार पुन्हा कोपरावर येतो.

उंचवटा स्वतः बांधायचा. सपाट जमिनीवर शिकलेला पिचर उंचवट्यावर गेला की त्याचे सगळे चेंडू वर जातात, माझ्या विद्यार्थ्याचे पहिले दोन महिने त्यातच गेले. माप असं : १८ फूट व्यासाचं वर्तुळ, मधली उंची १० इंच. वर २४ बाय ६ इंचाची रबरी पट्टी. पट्टीच्या पुढं सहा इंच सपाट, तिथनं दर फुटाला एक इंच उतार. पट्टीच्या पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या जमिनीतल्या पट्टीच्या, मागच्या टोकापर्यंत ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. गवंड्याकडची पाण्याची नळी घेऊन उंची जुळवा, नजरेनं नको. आम्ही तांबड्या मातीत चिकण माती मिसळून, पाणी मारून, थरावर थर धुमसून बांधला. आठ दिवस लागले. रोजचा सराव झाला की खड्डे भरून पाणी मारून ताडपत्री टाकायची.

पावसाळ्यात हे सगळं वाहून जातं. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात मैदानावर पाऊल टाकता येत नाही, आणि चार महिने घरी बसलो तर वर्ष गेलं. आम्ही मंगल कार्यालय धरलं. चातुर्मासात लग्नं नसतात, हॉल रिकामे पडलेले असतात. मालकांना विनंती केली, मागच्या भिंतीला जुनी सतरंजी आणि मासेमारीचं जाळं टांगलं, लाकडी फळ्यांचा उतरता ओटा करून घेतला. वीस वर्षं झाली, अजून तिथंच सराव चालतो.

होम प्लेट १७ इंच रुंद. दोन बांबूंत सुतळी ताणून बॅटरच्या गुडघ्यापासून छातीखालपर्यंत चौकट बांध. दहातले सहा चेंडू चौकटीतनं गेल्याशिवाय मी वेग वाढवू देत नाही. मोबाईलवर बाजूनं आणि मागनं संथ गतीचं चित्रण कर, दर रविवारी, तेच दोन कोन. तारीख बोलून टाक. पुढं कुणाला पाठवायचं झालं तर हाच तुझा दाखला.

बाकीचंही येऊ दे : पहिल्या बेसवरच्या, म्हणजे पहिल्या टप्प्यावरच्या, धावपटूला रोखायला वळून फेकणं, पंचांनी बाल्क, म्हणजे पिचरची नियमबाह्य हालचाल, देऊ नये म्हणून हालचाल अर्धवट न थांबवणं, हलक्या टपलीचा चेंडू धावून उचलणं, पहिल्या बेसवर स्वतः पोचणं. आणि घड्याळ. मेजर लीगमध्ये २०२३ पासून चेंडू टाकायला वेळेची मर्यादा आहे, बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, धावपटू असेल तर आता १८. मायनर लीगमध्ये घड्याळ त्याच्याही आधीपासून आहे. मोबाईलवर गजर लावूनच सराव कर.

दारं

आत जायला तीन दारं आहेत.

पहिलं, थेट करार. अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिकोच्या बाहेरच्या पोरांना ड्राफ्ट लागत नाही. १६ पूर्ण झालेल्या पोराशी क्लब १५ जानेवारी ते १५ डिसेंबर या काळात करार करू शकतो. नेव्हेरॉस्कस आणि वाल्डेझसारखी परदेशी पोरं अशी थेट करारानंच आली. पण त्यासाठी क्लबच्या माणसानं तुला पाहिलेलं असावं लागतं, आणि कोल्हापुरात तो येत नाही. राज्य, राष्ट्रीय शालेय, विद्यापीठ स्पर्धा, भारतीय संघाची शिबिरं, जिथं जिथं बाहेरचा माणूस येऊ शकतो तिथं खेळत राहायचं. मेजर लीगनं २०१९ मध्ये दिल्लीत कार्यालय उघडलं, त्यांच्या शिबिरांवर लक्ष ठेवायचं.

दुसरं दार मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं : अमेरिकेतलं दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज. अभ्यासाचा व्हिसा, शिक्षण चालू, आणि दर आठवड्याला सामने. अमेरिकेतल्या कॉलेजात नाव घातलं की परदेशी पोरगाही ड्राफ्टच्या नियमात येतो. चार वर्षांच्या कॉलेजात तिसरं वर्ष किंवा २१ वय होईपर्यंत थांबावं लागतं, ज्युनियर कॉलेजात थांबावं लागत नाही. प्रशिक्षकाला चित्रण, रेडारचा आकडा, उंची-वजन, बारावीचे गुण आणि इंग्रजीच्या परीक्षेचे गुण असं पत्र पाठवायचं. माझ्या विद्यार्थ्यानं ६४ पत्रं पाठवली. उत्तरं आली पाच, त्यातल्या एकानं अर्धी फी माफ केली. इंग्रजी त्याचं कच्चं होतं, त्यासाठी तो वर्षभर रोज पहाटे अभ्यासाला बसला. बारावी सोडू नकोस. मागं परतायची वेळ आली तर हाच जिना आहे.

तिसरं दार म्हणजे क्लबांशी थेट न जोडलेल्या स्वतंत्र लीग : फ्रंटियर, पायोनियर, अमेरिकन असोसिएशन, अटलांटिक. तिथं खुल्या चाचण्या होतात. पण ते अमेरिकेत आधीच असलेल्याला सोपं. इथनं तिकीट काढून चाचणीला जाऊ नये.

एजंटाबद्दल सांगतो. एकानं आमच्याकडनं “निवड चाचणीसाठी” दोन लाख मागितले होते. पोराचे वडील गाय विकायला निघाले होते, मी अडवलं. खरा एजंट करारातनं टक्का घेतो, करार होण्याआधी तुमच्याकडनं पैसे घेत नाही. कोल्हापुरात खाशाबा जाधवांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे : १९५२ ला हेलसिंकीला जायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले, आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. पण खाशाबा त्याआधी १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. खर्डेकर सरांनी पारखलेल्या पैलवानावर घर लावलं. पोरानं एका मोजलेल्या उंचवट्यावर, अनोळखी बॅटरसमोर पूर्ण हंगाम टाकलेला नसेल तर जमिनीच्या उताऱ्याला हात लावू नका.

करार झाला तर

२००६ च्या कायद्यानं मायनर लीगच्या परदेशी खेळाडूंना पी-१ व्हिसा खुला झाला. अर्ज क्लब करतो, तू नाही. मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलात. व्हिसा क्लबच्या नावाशी बांधलेला असतो, क्लबनं सोडलं की त्याचा आधार जातो. मुदतीआधी काढून टाकलं तर घरी परतायचा प्रवासखर्च क्लबनं द्यायचा असतो. हे लक्षात ठेव, मागायला लाजू नकोस.

कराराखाली तू बराच काळ त्या क्लबचाच राहतोस. १८ किंवा त्याआधी सही केलीस तर सात हंगाम, १९ किंवा पुढं केलीस तर आताच्या नियमानं सहा. पगार पूर्वी लाजिरवाणा होता. २०२३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेनं पहिल्यांदा मायनर लीगसाठी सामूहिक करार केला, आणि वर्षाचा किमान पगार असा झाला : संकुलातल्या लीगमध्ये १९,८०० डॉलर, सिंगल-ए २६,२००, हाय-ए २७,३००, डबल-ए ३०,२५०, ट्रिपल-ए ३५,८००. राहायची सोय क्लब करतो. मेजर लीगमध्ये मात्र २०२४ चा किमान पगारच ७,४०,००० डॉलर. वडिलांनो, पहिली चार-पाच वर्षं पोराकडनं घरी पैसे येतील अशी आशा धरू नका. तो स्वतःपुरतं भागवेल, एवढंच.

सिंगल-ए ते डबल-ए, मंगळवार ते रविवार सहा सामने एकाच संघाशी, सोमवारी सुट्टी किंवा बसप्रवास. सुरुवातीचा पिचर असशील तर साधारण सहाव्या दिवशी तुझी पाळी. मधले पाच दिवस काय करायचं हे ज्याला कळलं तो टिकतो. माझा विद्यार्थी सांगतो, पाळीनंतरच्या दुसऱ्या दिवशी पळणं आणि ट्यूब, तिसऱ्या दिवशी उंचवट्यावर २५ हलके चेंडू, बाकीचे दिवस दुसऱ्या पिचरांकडं बघणं.

इंग्रजीबरोबर थोडी स्पॅनिशही शिक. बरेच सोबती डॉमिनिकन आणि व्हेनेझुएलाचे असतात, आणि तुझा कॅचर, म्हणजे बॅटरमागं बसून तुझे चेंडू झेलणारा, त्यातलाच असण्याची शक्यता मोठी. आदेंत्रो म्हणजे आत, आफुएरा म्हणजे बाहेर, आबाहो म्हणजे खाली, ओत्रा वेस म्हणजे पुन्हा एकदा. कॅचर उंचवट्यावर चालत आला आणि ‘त्रांकिलो’ म्हणाला, तर तो शांत हो म्हणतोय. गोमांस चालत नसेल तर पहिल्याच दिवशी स्वयंपाकवाल्यांना सांग, कोंबडी आणि भात सगळीकडं मिळतो. लहान कुकर आणि आईच्या हातच्या कांदा-लसूण मसाल्याचा डबा सामानात ठेव. डबा घट्ट लाव. माझ्या विद्यार्थ्याच्या बॅगेत तो फुटला होता, दोन वर्षं त्याच्या ग्लोव्हला मसाल्याचा वास होता. तो म्हणतो, परक्या गावात सामना हरल्यावर तो वास बरा वाटायचा.

आणि फोन. इथली सकाळ तिथली रात्र असते. सामना संपवून तो खोलीवर यायचा तेव्हा आई गोठ्यात धार काढत असायची. मोबाईल खांबाला टेकवून ती धार काढता काढता बोलायची. दहा मिनिटं, रोज. ती वेळ त्या दोघांनी शेवटपर्यंत पाळली.

तर दादा, पोराला घेऊन रविवारी सकाळी सहाला मैदानावर या. जन्मदाखला आणि शाळेचा दाखला, दोन्हींच्या मूळ प्रती आणा. शनिवारी त्याला क्रिकेट खेळू देऊ नका. येताना एक दोनशे पानी वही घेऊन या, पहिल्या पानावर त्याचं वय वर्षं-महिन्यांत लिहून ठेवा. दुसऱ्या पानापासून चेंडू मोजायला लागू.